शेजारची अनोळखी कवयित्री : युनिस डिसोझा

(दादर येथील एका व्याख्यानमालेत ज्येष्ठ पत्रकाराने दिलेल्या व्याख्यानाचा हा संपादित मजकूर.)



लेखणी हाती घेतलेल्या स्त्रिया, असे यंदाच्या मालेचे सूत्र आहे. सावित्रीबाई, ताराबाई शिंदे, लक्ष्मीबाई टिळक, बहिणाबाई ही नावे अशा मालेत येतात आणि ती यायलाच हवीत. त्यांच्या पंक्तीत मी आज एक असे नाव घेणार आहे, जे या सभागृहातल्या बहुतेकांच्या कानावरून गेलेले नसेल. ते नाव आहे युनिस डिसोझा. धोबीतलावच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ इंग्रजी साहित्य शिकवले. कविता लिहिल्या, कादंबऱ्या लिहिल्या, विस्मृतीत गेलेल्या लेखिका शोधून काढल्या. गिरगावातल्या ठाकुरद्वारच्या नाक्यावरून निघालेला माणूस रमतगमत गेला तरी वीस मिनिटांत झेवियर्सच्या फाटकाशी पोहोचतो. अंतर एवढे थोडे. परंतु आपल्या वाङ्मयीन जगातून त्या फाटकापर्यंत फारसे कोणी गेले नाही.

याला कारण भाषेचे आहे, हे उघड आहे. लक्ष्मीबाई टिळकही ख्रिस्ती होत्या. पण 'स्मृतिचित्रे' मराठीत आहे आणि म्हणून ते आपल्या प्रत्येक घरातले पुस्तक झाले. युनिस डिसोझा यांनी इंग्रजीत लिहिले. 'इंग्रजीत लिहिणारे म्हणजे उपरे' असा एक समज आपल्याकडे खोल रुजला आहे आणि त्याला अगदीच आधार नाही असे मी म्हणणार नाही. परदेशी वाचकाला भारत दाखवून पोट भरणारे लेखन पुष्कळ झाले आहे. मात्र या बाईंचे लेखन त्या जातीचे नाही. ते आपल्या घराशी, आपल्या समाजाशी, आपल्या आईशी केलेले भांडण आहे. असे भांडण परक्यासाठी कोणी करत नाही. आज मला त्या भांडणाविषयीच बोलायचे आहे.

पुण्यात जन्म, मुंबईत आयुष्य

युनिस डिसोझा यांचा जन्म १ ऑगस्ट १९४० रोजी पुण्यात, मूळच्या गोव्याच्या एका कॅथलिक कुटुंबात झाला. त्या तीन वर्षांच्या असतानाच वडील वारले. आईने एकटीने मुलीला वाढवले. तरुण वयात विधवा झालेली आई आणि तिच्या दुःखाशी नीट वागता न आलेली मुलगी, हा धागा त्यांच्या कवितेत पुन्हा पुन्हा येतो. आईची क्षमा मागणारी त्यांची एक कविता आहे. त्या क्षमायाचनेत गहिवर नाही, रडारड नाही. केलेल्या चुकांचा हिशेब मांडावा तशी ती कोरडी आहे आणि त्यामुळेच वाचणाऱ्याच्या घशाशी येते.

पदव्युत्तर शिक्षणासाठी त्या अमेरिकेत गेल्या. विस्कॉन्सिन राज्यातील मार्केट विद्यापीठातून त्यांनी इंग्रजी साहित्यात एम. ए. केले आणि पुढे मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली. मनात आणते तर त्यांना परदेशात राहता आले असते. त्या काळी शिकायला गेलेल्यांपैकी पुष्कळ जण तिकडेच स्थिरावले. या बाई परत आल्या, झेवियर्समध्ये शिकवू लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिल्या. अखेरच्या काळात त्या इंग्रजी विभागाच्या प्रमुख होत्या. २९ जुलै २०१७ रोजी, सत्त्याहत्तरावा वाढदिवस तीन दिवसांवर आला असताना, मुंबईतच त्यांचे निधन झाले.

धोबीतलावचा परिसर आपल्याला इराण्याच्या हॉटेलांसाठी आणि मेट्रो सिनेमासाठी आठवतो. त्याच गल्ल्यांत गोवेकरांच्या 'कुडी' होत्या. बोटीवर नोकरीला लागलेला, किंवा नोकरीच्या शोधात आलेला गोव्याचा माणूस आपल्या गावच्या कुडीत उतरायचा. एका खोलीत ओळीने मांडलेल्या ट्रंका, भिंतीशी छोटी वेदी आणि रात्रीची प्रार्थना, असे तिथले जीवन असे. लालबाग-परळच्या गिरणगावात कोकणातून आलेल्या चाकरमान्यांच्या 'गावकरी मंडळा'च्या खोल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना कुडीचे वर्णन वेगळे करून सांगायला नको. एकाच किनाऱ्यावरून, एकाच पोटासाठी आलेली ही माणसे होती. देव्हाऱ्यातला देव तेवढा निराळा होता.

वर्गातल्या बाई

कवयित्री म्हणून त्यांचे नाव नंतर झाले. मुंबईच्या कित्येक पिढ्यांना त्या प्रथम भेटल्या त्या शिक्षिका म्हणून. त्यांची जीभ धारदार होती, ही गोष्ट त्यांचे विद्यार्थी आणि सहकारी दोघेही सांगत आले आहेत. भोंगळ वाक्य, उसनी भावना, मोठाल्या शब्दांचा फुलोरा त्यांना खपत नसे. आजच्या भाषेत सांगायचे तर विद्यार्थ्याच्या 'आत्मविश्वासाला' त्या फार जपत नसत. त्या त्याच्या बुद्धीचा मान ठेवत. तुला अधिक चांगले लिहिता येईल असे जो शिक्षक मनापासून मानतो, तोच तुझ्या वहीवर लाल रेघ ओढतो. ज्यांना अशा लाल रेघा मिळाल्या, ते त्या जन्मभर विसरत नाहीत.

पुस्तकातले साहित्य वर्गाबाहेर आणण्याची त्यांची धडपड होती. महाविद्यालयात भरणाऱ्या 'इथाका' या वाङ्मयीन महोत्सवाशी त्यांचा निकटचा संबंध होता. त्या नाटकांत काम करीत, नाटके बसवीत. मेलनी सिल्गार्डो ही त्यांची विद्यार्थिनी पुढे कवयित्री झाली, संपादक झाली आणि गुरु-शिष्येने मिळून एक मोठा कवितासंग्रह संपादित केला. त्याचा उल्लेख पुढे करीन. शिष्याला बरोबरीने शेजारी बसवणे हे थोर शिक्षकाचे लक्षण आपल्या परंपरेने मानले आहे. शिष्याकडून पराजय व्हावा अशी इच्छा धरणारा तो गुरू, असे आपण म्हणत आलो. या बाईंनी ते करून दाखवले.

'फिक्स' आणि गप्प बसलेली बायको

१९७९ साली त्यांचा पहिला संग्रह आला. त्याचे नाव 'फिक्स'. तो 'न्यूग्राउंड' या तरुण कवींनी मिळून चालवलेल्या छोट्या प्रकाशनाने काढला. त्या काळच्या मुंबईचे हे चित्र लक्षात घेण्याजोगे आहे. मराठीत साठच्या दशकापासून अनियतकालिकांची चळवळ चालू होती; प्रस्थापित प्रकाशक छापत नाहीत तर आम्ही आमचे छापू, अशी तिची जिद्द होती. इंग्रजीत लिहिणाऱ्या मुंबईच्या कवींनीही तेच केले. अरुण कोलटकरांचे 'जेजुरी' १९७६ साली आले तेसुद्धा कवींनीच उभारलेल्या 'क्लिअरिंग हाउस'कडून. न्यू मरीन लाइन्सला थिऑसॉफी हॉलमध्ये बसून निस्सिम इझिकेल नवोदितांच्या कविता वाचत असत. ही सगळी वर्दळ गिरगावच्या हाकेच्या अंतरावर चालली होती. कोलटकर दोन्ही दारांतून ये-जा करीत. इतरांना ते जमले नाही.

'फिक्स'मधल्या कविता आकाराने लहान आहेत. ओळी तुटक, शब्द रोजच्या बोलण्यातले. अलंकार शोधून सापडत नाहीत. एखादे पात्र समोर येते, चार वाक्ये बोलते आणि स्वतःचे पितळ स्वतःच उघडे पाडून निघून जाते. कवयित्री मध्ये पडत नाही, टिप्पणी करत नाही.

त्यातली 'कॅथलिक मदर' ही कविता घ्या. मी ती माझ्या शब्दांत सांगतो. एक सद्गृहस्थ आहेत. सात वर्षांत सात मुले झाली आहेत आणि ही देवाची कृपा आहे असे ते अभिमानाने सांगतात. आदर्श पिता म्हणून त्यांचे छायाचित्र झळकले आहे. देश वाईट मार्गाला लागला आहे याची त्यांना चिंता आहे आणि हिंदूंना तर नीतिमत्ताच नाही, असे ते शिवी हासडून सांगतात. धर्मगुरू त्यांना चर्चचा आधारस्तंभ म्हणतात. मठातल्या मुख्य भगिनी या सुंदर कुटुंबाचे कौतुक करतात. सगळे बोलतात. सात बाळंतपणे जिने सोसली ती मात्र एक शब्द बोलत नाही. कविता तिथेच संपते.

आपल्याकडे म्हण आहे, आपले ठेवायचे झाकून आणि दुसऱ्याचे पाहायचे वाकून. या कवितेतला गृहस्थ त्या म्हणीचा मूर्तिमंत अवतार आहे. परधर्मीयांच्या नीतीची त्याला काळजी आहे. शेजारी बसलेल्या बायकोचा चेहरा त्याने कधी निरखून पाहिलेला नाही. एवढ्या थोड्या ओळींत एवढे मोठे ढोंग टिपायला हात किती स्थिर असावा लागतो!

दुसरी एक कविता लग्न जुळवण्यावर आहे. नात्यातल्या एका मुलीचे लग्न ठरते आहे. त्याआधी घराण्यात क्षय नाही ना, वेड नाही ना, बापाची सांपत्तिक स्थिती ठीक आहे ना, याची चौकशी होते. मग मुलीचे दात, डोळे, उंची, रंग सगळे तपासले जाते. भगिनींनो, ही कविता गोव्याच्या ख्रिस्ती घराची आहे असे कवयित्रीने सांगितले नसते, तर ती आपल्या चाळीतल्या कुठल्याही बिऱ्हाडातली वाटली असती. कांदेपोह्यांची बशी तेवढी दिसत नाही.

तिसरी कविता नाताळात गरिबांना जेवू घालण्याविषयी आहे. गरिबांनी रांगेत उभे राहावे, कृतज्ञ दिसावे, जास्त मागू नये, अशी दात्यांची अपेक्षा असते. दान देणाऱ्याच्या मनातला अहंकार कवयित्रीने त्यांच्याच तोंडून वदवला आहे. चौथी कविता कॉन्व्हेंटमधल्या मुलींच्या अज्ञानाची आहे. शरीराविषयी कोणी काही सांगत नाही आणि मग भीतीतून चमत्कारिक समजुती तयार होतात. आपल्या घरांत मुलींना 'बाजूला बसण्या'विषयी किती जणींना वेळेवर आणि शास्त्रशुद्ध सांगितले गेले, याचे उत्तर सभागृहातल्या माताभगिनींनी मनातल्या मनात द्यावे.

स्त्रीवादी म्हणून युनिस डिसोझा यांचे नाव घेतले जाते ते अशा कवितांमुळे. त्यांचा स्त्रीवाद घोषणांचा नाही. स्त्रियांना त्या देवी करत नाहीत आणि नुसती बिचारीही करत नाहीत. त्यांच्या कवितेतल्या आया, मावश्या, मठवासिनी भगिनी याही अनेकदा त्याच जात्याचा खुंटा धरून बसलेल्या असतात. पुढे 'विमेन इन डच पेंटिंग' हा संग्रह १९८८ साली आला. त्यात उपरोधाबरोबर शांतपणाही आला. जुन्या डच चित्रांतल्या, घरकामात मग्न, स्थिर, समजूतदार स्त्रिया पाहून आपल्याच ओळखीच्या बायका तिथे आठवाव्यात, अशी त्याच्या शीर्षककवितेची कल्पना आहे. १९९० मध्ये 'वेज ऑफ बिलाँगिंग' हा निवडक संग्रह एडिंबरोहून निघाला आणि ब्रिटनच्या पोएट्री बुक सोसायटीने त्याची शिफारस केली.

नाव कोणाचे, मूळ कोणते?

आता मी त्यांच्या सर्वांत अवघड कवितेकडे येतो. आपल्यासारख्या श्रोत्यांसमोर ती टाळून जाणे मला योग्य वाटत नाही. तिचे शीर्षक आहे 'डिसोझा प्रभू'.

पार्श्वभूमी आपल्याला ठाऊक आहे. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा जिंकले. पुढे धर्मांतरे झाली, देवळे पाडली गेली. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला अल्प खंड वगळता, तिथे इन्क्विझिशनचा अंमल होता. प्रभू, कामत, शेणवी, पै अशी आडनावे असलेली घराणी डिसोझा, फर्नांडिस, मिनेझिस झाली. गोव्यातल्या कित्येक ख्रिस्ती कुटुंबांना आपले जुने आडनाव, जुने ग्रामदैवत आजही माहीत असते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाले. पण नावांत अडकलेला इतिहास एका दिवसात मुक्त होत नाही.

या कवितेत युनिस डिसोझा म्हणतात त्याचा आशय असा : आपण मूळचे प्रभू होतो हे शोधून काढण्यासाठी मी जमीन उकरत बसणार नाही. तो पूर्वज प्रभू काही भोळा नव्हता, त्याने दोन्हीकडचा लाभ पदरात पाडून घेतला. माझे पहिले नाव ग्रीक, आडनाव पोर्तुगीज, भाषा परकी. आणि मग कविता एकदम वळण घेते. आईवडिलांना मुलगा हवा होता, मुलगी झाली. तिने मुलगा होण्याचा आपल्या परीने प्रयत्न केला, बाईपणाच्या खुणा लपवल्या. ती स्वतःला लंगड्या-पांगळ्यांच्या, मागे पडलेल्यांच्या सोबतीला नेऊन बसवते.

ही कविता ऐकून आपल्यापैकी काहींचा विरस होईल. 'आम्ही मूळचे प्रभूच' असे तिने म्हणावे, असे आपल्याला वाटणे स्वाभाविक आहे. ती ते म्हणत नाही. तिच्या पूर्वजावर काय बेतले असेल, त्याच्यापुढे किती पर्याय शिल्लक होते, याचा विचार तिने अधिक करायला हवा होता, असा आक्षेप कोणी घेतला तर तो मी समजू शकतो. सक्तीखाली झुकलेल्या माणसाला व्यवहारी म्हणणे थोडे निष्ठुर आहे. परंतु तिचा प्रश्न पूर्वजाच्या धर्माचा नाहीच. ती विचारते आहे, की जुने नाव काय आणि नवे नाव काय, त्या दोन्ही घरांत मुलगी जन्मली तेव्हा पेढे वाटले गेले का? प्रभूंच्या घरात मुलगा हवा होता आणि डिसोझांच्या घरातही मुलगाच हवा होता. मंदिर बदलले, भाषा बदलली, पोशाख बदलला. मुलगी नको, ही एक गोष्ट मात्र या घरातून त्या घरात जशीच्या तशी गेली. याला आपल्याकडे काय उत्तर आहे?

आरसा कोणाच्या हाती

म्हणून मला एक धोक्याची सूचना द्यायची आहे. युनिस डिसोझा यांच्या कविता वाचून, 'पाहा, त्यांच्याच घरातली बाई त्यांच्याविषयी काय लिहिते' असे म्हणण्याचा मोह होईल. तो मोह आवरला पाहिजे. त्या कविता दुसऱ्याला मारण्यासाठी उचललेली काठी नाहीत. तसे वापरले तर आपणही त्या आदर्श पित्याच्या रांगेत जाऊन बसू आणि शेजारच्या घरात वाकून पाहू लागू.

घरातल्या माणसाने घराचे दोष सांगण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिले. बायकांच्या दुर्वर्तनावर बोटे मोडणाऱ्या पुरुषांना त्यांनी खडसावून विचारले, की हेच दुर्गुण तुमच्यात नाहीत काय? त्यांच्या वाट्याला उपेक्षा आली आणि त्यांचे दुसरे पुस्तक आपल्याला मिळाले नाही. आगरकरांनी 'सुधारक'मधून स्वजनांची कानउघाडणी केली, तर पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढण्यात आली. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न जमलेल्या मध्यमवर्गीय मुलींच्या मनातली घुसमट त्या कथांत होती. लेखिकेला 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाआड राहावे लागले, एवढी त्या पुस्तकाने खळबळ उडवली. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. आणि लक्षात घ्या, त्याही शिक्षिकाच होत्या. वर्गातल्या मुलींच्या चेहऱ्यांवर जे दिसत होते ते त्यांनी लिहिले.

मालतीबाईंचे पुस्तक आणि युनिसबाईंचे 'फिक्स' यांच्यात सेहेचाळीस वर्षांचे अंतर आहे. भाषा निराळी, धर्म निराळा. तरी दोघींना झालेला विरोध एकाच स्वरूपाचा आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची असताना ती उघडलीस कशाला, हा तो विरोध. समाजाची अब्रू झाकण्याने राहते असे मानणारे लोक प्रत्येक समाजात असतात. घरातली गळती दाखवणारा माणूस घराचा शत्रू नसतो, ही साधी गोष्ट आपण चाळीच्या दुरुस्तीच्या वेळी मान्य करतो. समाजाच्या बाबतीत मात्र विसरतो.

हरवलेल्या लेखिकांचा शोध

बाईंच्या कार्याचा आणखी एक भाग आहे आणि महाराष्ट्राने त्याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे. त्यांनी संपादक म्हणून अफाट काम केले. १९९७ साली 'नाइन इंडियन विमेन पोएट्स' हा संग्रह त्यांनी सिद्ध केला. नऊच कवयित्री निवडल्या. बाई आहे म्हणून घेतली, असा उदारपणा त्यांनी दाखवला नाही. १९९९ मध्ये कवींच्या मुलाखतींचे 'टॉकिंग पोएम्स' आले. २००२ मध्ये लिंडसे परेरा यांच्यासह त्यांनी एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या, इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीय स्त्रियांचे लेखन 'विमेन्स व्हॉइसेस' या ग्रंथात एकत्र केले. २००४ मध्ये पडदापद्धतीविषयीच्या लेखनाचा संग्रह 'पर्दा' निघाला आणि त्याच वर्षी मुलांसाठी भारतातल्या एकशे एक लोककथा. २०१२ मध्ये मेलनी सिल्गार्डो यांच्याबरोबर त्यांनी 'दीज माय वर्ड्स' हा भारतीय कवितेचा बृहत्संग्रह केला. त्यात इंग्रजी कवितेच्या जोडीला निरनिराळ्या भारतीय भाषांतल्या कवितांचे अनुवाद आहेत. इंग्रजीच्या एका प्राध्यापिकेने देशभाषांना दिलेला हा मान आहे.

यातला एक ग्रंथ मला विशेष वाटतो. २००५ मध्ये साहित्य अकादमीने त्यांचे 'द सत्तियानाधन फॅमिली अल्बम' प्रसिद्ध केले. मद्रासच्या एका लेखक-घराण्याचा हा वेध आहे. या घराण्यातली कृपाबाई सत्तियानाधन ही मूळची आपल्या अहमदनगरची. तिचा जन्म १८६२ सालचा, माहेरचे आडनाव खिस्ती. वडील हरिपंत आणि आई राधाबाई हे मराठी ब्राह्मण घरांतून ख्रिस्ती झालेले. कृपाबाईने मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळवला; प्रकृतीने तिथे साथ दिली नाही. मग तिने लेखणी धरली. 'सगुणा' आणि 'कमला' या दोन कादंबऱ्या तिने इंग्रजीत लिहिल्या. 'कमला'मध्ये नाशिककडच्या मराठी ब्राह्मण घरातल्या बालसुनेचे जीवन आहे. १८९४ मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ती गेली. नगरच्या किती शाळांतून हे नाव आज सांगितले जाते? आपली एक पूर्वज आपण हरवली होती. धोबीतलावच्या एका बाईंनी ती ग्रंथालयांची धूळ झाडून शोधली.

ज्या बाईने 'डिसोझा प्रभू'मध्ये मुळे उकरण्यास नकार दिला, तिनेच लेखिकांची मुळे मात्र अशी चिकाटीने उकरली. यात मला विसंगती दिसत नाही. कुळाचा शोध घेतला की अभिमान हाती येतो. कामाचा शोध घेतला तर सोबत मिळते. त्यांना सोबत हवी होती.

अखेरची वर्षे

निवृत्तीनंतर त्यांनी दोन छोट्या कादंबऱ्या लिहिल्या. २००१ मध्ये 'डेंजरलोक' आणि २००३ मध्ये 'देव अँड सिमरन'. 'डेंजरलोक' हे नावच पाहा, अर्धे इंग्रजी आणि अर्धे आपले. मुंबईच्या फुटपाथवरच जन्मलेला शब्द. एकटी राहणारी प्राध्यापिका, तिचे पोपट, कामवाली बाई, इमारतीतले शेजारी, रस्त्यातली भांडणे, यांतून ती कादंबरी उभी राहते. स्वतः बाईंच्याही घरी पोपट होते आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांवर त्यांचा जीव होता. माणसांशी फटकून वागणारी ही बाई मुक्या जीवांशी फार मऊ होती, असे त्यांना जवळून ओळखणारे सांगत.

नंतर २००९ मध्ये 'अ नेकलेस ऑफ स्कल्स' आला. रुंडमाळ! जिच्या प्रथम नावाचा उगम ग्रीक आहे, त्या कवयित्रीला आपल्या समग्र कवितेसाठी नाव सुचले ते शिवाच्या आणि कालीच्या गळ्यातल्या माळेचे. पूर्वज शोधायला जमीन उकरावी लागत नाही. काही गोष्टी या मातीवर चालताना पायांना आपोआप लागतात. शेवटचा संग्रह २०१६ साली आला, 'लर्न फ्रॉम द आमंड लीफ'. मुंबईच्या रस्त्यांवरचा जंगली बदाम आपण रोज पाहतो. त्याचे पान गळण्याआधी लालभडक होते. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या बाईंनी शिकायला निवडला तो गुरू हा. आणि हा संग्रह प्रकाशित केला हेमंत दिवटे या मराठी कवीच्या 'पोएट्रीवाला' प्रकाशनाने. गिरगाव आणि धोबीतलाव यांच्यामधले ते वीस मिनिटांचे अंतर अखेर एका मराठी माणसाने चालून पार केले, याचा मला आनंद वाटतो.

आपण काय करावे

मित्रहो, व्याख्यान ऐकून घरी जाताना काहीतरी हाती असावे असे मला वाटते. माझ्या दोन विनंत्या आहेत.

पहिली विनंती ग्रंथालयांच्या कार्यकर्त्यांना. आपल्या दादर-गिरगावच्या वाचनालयांत इंग्रजीचे कपाट असतेच. त्यात या बाईंचे एखादे पुस्तक ठेवा. आपल्यातल्या इंग्रजी जाणणाऱ्या तरुणांनी त्यांच्या कविता मराठीत आणण्याचा प्रयत्न करावा. हे अनुवाद अवघड नाहीत असे वरवर वाटेल. करायला बसाल तेव्हा कळेल, की साधे बोलणे भाषांतरित करणे किती कठीण असते. जनाबाई विठ्ठलाशी जितक्या सहजपणे भांडते तितकी सहज मराठी त्यासाठी लागेल. ती आपल्याजवळ आहे.

दुसरी विनंती प्रत्येकाला, विशेषतः घरातल्या पुरुषांना. त्या कवितेतली जी आई गप्प बसली आहे, ती प्रत्येक धर्माच्या, प्रत्येक जातीच्या घरात कुठेतरी असते. सणावारी तिच्या हातच्या पुरणपोळीचे कौतुक होते, समारंभात तिचा सत्कार होतो, 'माझ्या यशात तिचा वाटा आहे' असे आपण माईकवरून सांगतो. ती हसते आणि काही बोलत नाही. आज घरी गेल्यावर तिच्याजवळ बसा, दूरदर्शन संच बंद करा आणि तिला काय वाटते ते विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. इतक्या वर्षांची सवय आहे. आलेले उत्तर कदाचित आपल्याला आवडणार नाही. तरी ते मधे न तोडता पूर्ण ऐकून घ्या.